बांधाकडची ओळ

निम्मं आयुष्य नाशिकच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. एवढ्या वर्षांत नीतिशास्त्राबद्दल मला कोणी काही विचारलं असेल, तर हा धडा परीक्षेला आहे का, एवढंच. मग यंत्रं हुशार झाली आणि माझा भाव वधारला. काही वर्षांपूर्वी एक कंपनी, सरकारचं कृषी खातं आणि आमचं कॉलेज अशा तिघांनी मिळून एक प्रकल्प काढला आणि त्यात कोणावर अन्याय होत नाही ना, हे बघायला मला घेतलं. मला मखरात बसवायला बोलावलंय, हे पहिल्याच बैठकीत कळलं होतं. पण मी मुळातच किरकिरी. मखरातूनही बोलत राहिले.

द्राक्षांच्या विरळणीत घडातले जादाचे मणी कात्रीने काढून टाकतात, म्हणजे उरलेले चांगले फुगतात. हे काम बायकांच्या टोळ्या करतात. कंपनीने मनगटावर बांधायचा एक पट्टा बनवला होता. हाताच्या हालचालींवरून तो किती घड झाले ते मोजायचा. कोणत्या बागेला किती माणसं लागतील हे पुढेमागे आधीच सांगता यावं, असा हेतू. त्यात मला खोट दिसली नाही. मी एकच अट घातली, कोणाचंही नाव कुठेही यायचं नाही. कंपनीचा तरुण इंजिनियर म्हणाला, मग ओळीप्रमाणे नंबर देऊ. पहिल्या ओळीतली बाई एक, दुसरीतली दोन. मला ते फार पसंत पडलं. संमतीपत्र मी चार वेळा लिहिलं, अवघड शब्द वेचून काढले आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

दिंडोरीकडच्या एका बागेत, पट्टे बांधायच्या आदल्या दिवशी, मी ते टोळीला वाचून दाखवलं. सगळ्यांत वयस्क बाईंना सगळ्या आजीच म्हणत. त्यांनी शाईचा अंगठा कागदावर टेकवण्याआधी मला विचारलं, "नाव नाय ना येणार?"

"नाही आजी. तुम्ही कोण ते कोणालाही कळणार नाही. माझा शब्द आहे."

दुसऱ्या दिवशी मी बागेत बसून काम बघितलं. आजींना बांधाकडची पहिली ओळ होती. तिथे चिंचेची सावली आणि पाण्याचा हंडा जवळ. टोळीतल्या वडील बाईने तिथेच लागायचं, ही रीत. बाकीच्या आपापली ओळ उरकून समोरच्या टोकाने आजींच्या ओळीत शिरत आणि मध्यावर गाठ पडली की सगळ्या मिळून भाकरी सोडत. मजुरी टोळीची, वाटणी सारखी. मी वहीत लिहिलं, 'किती छान रीत!' आणि वही मिटून घरी आले.

महिन्याभराने नाशिकमध्येच, द्वारका चौकाजवळच्या एका हॉटेलात बैठक झाली. पडद्यावर रंगीत खांब होते, प्रत्येक नंबराचा एक. एक नंबरचा खांब इतरांच्या निम्माही नव्हता. ज्याच्या बागेत काम झालं तो बागाईतदारही आला होता. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि सहज म्हणाला, "एक नंबर म्हणजे बांधाकडची. आमची म्हातारी. पुढच्या साली तिला सोडून टोळी सांगू."

कोणी दचकलं नाही. कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांनी ते टिपून घेतलं. मला मात्र कोणीतरी कानशिलात दिल्यासारखं झालं. नाव लपवायला मी जो नंबर पसंत केला तोच आजींचा पत्ता होता, आणि ती रीत माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात; इथे दिवा धरून मीच उभी होते.

माझा आवाज चढला. एकेकीचे आकडे पुसून फक्त अख्ख्या टोळीचा आकडा ठेवा, नाहीतर अहवालावर माझी सही मिळणार नाही, असं मी सांगितलं. इंजिनियर भला पोरगा. त्याने तिथल्या तिथे पुसले. पण बागाईतदाराच्या डोक्यातलं कोण पुसणार? त्याला मी बाहेर गाठलं. तो शांतपणे म्हणाला की म्हातारी सावकाश काम करते हे त्यालाही ठाऊक होतं, फक्त किती सावकाश ते कधी कोणी दाखवलं नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. त्यामुळे मला त्याच्यावर धड रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी एसटीने दिंडोरीला गेले. शब्द मोडला हे निदान आपल्या तोंडाने सांगावं, एवढंच मनात होतं. टोळी आता दुसऱ्या बागेत होती, आणि आजी तिथेही बांधाकडच्याच ओळीत. मी सगळं सांगितलं. टोळीची मुकादम पलीकडच्या ओळीतून ऐकत होती. ती म्हणाली, "आजी नाय तर टोळी नाय. सांगते मी त्याला." तिने तसं सांगितलंही. पुढच्या हंगामात माणसं मिळेनात, तेव्हा बागाईतदाराने मुकाट्याने अख्खी टोळी बोलावली. त्यात माझा काहीच हात नव्हता.

त्या दिवशी आजी हातातला घड पुरा करून मग माझ्याकडे वळल्या.

"पट्टे बांधले ना, त्या सकाळी पोरी म्हणत व्हत्या, आजी, तुझा पट्टा आम्ही आळीपाळीनं घालतो, कुणाला कळत नाय. लय मागं लागल्या. मीच नाय म्हणले." त्यांनी कात्री पुढच्या घडाला लावली. "म्हणले, बाई शब्द देऊन गेल्यात."