तीन ओळींची जागा

मे महिन्यात आमच्या देवबागेत संध्याकाळी क्रुसापुढे लादाईन गातात. ही लॅटिनमधली प्रार्थना. पपा एकेक ओळ म्हणतात आणि जमलेली वाडी ‘ओरा प्रो नोबीस’, आमच्यासाठी विनंती कर, असा जाब देते. लॅटिन कुणालाच येत नाही. पपांनी ती आपल्या वडिलांच्या तोंडून उचलली. शेजारचा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा मासेमार, हिंदू, पण क्रुसाच्या दिव्याला तेल त्याच्या घरचं आणि जाबात सगळ्यांत मोठा आवाजही त्याचाच.

यंदा माझ्या चुलतबहिणीचा नवरा मुंबईहून आला होता. लॅटिन शिकलेला. पपांनी ‘वाश इश्पिरितुआले’ म्हटलं आणि हा भर प्रार्थनेत म्हणाला, “अंकल, वाश नाही, वास.” वर शिकवणी सुरू! वास म्हणजे भांडं. शब्द एकवचनात नामांच्या एका गटासारखा चालतो, अनेकवचनात भलत्याच गटासारखा. त्याचं मूळ पंडितांनाही नक्की सांगता येत नाही.

माझं डोकंच फिरलं. ज्या शब्दाला स्वतःच्या कुळाचा पत्ता नाही, एकाचे अनेक झाले की जो घर बदलतो, त्याच्या वतीने हा शहाणा माझ्या म्हाताऱ्या बापाची परीक्षा घेणार? तीही चारचौघांत? प्रार्थना संपून चणे वाटेपर्यंतसुद्धा याला दम धरवला नाही!

पपांनी प्रार्थना तिथेच सोडली होती. शेवटी रापणकार म्हणाला, “काकानू, तुमी थांबलास तर आमी जाब कोणाक देवचो?”

पपांनी घसा खाकरला आणि एकदम पुढचं ‘रोझा मिश्तिका’ घेतलं. वाशने सुरू होणाऱ्या तिन्ही ओळी गाळल्या. दुसऱ्या दिवशीही गाळल्या. पाहुणा खुशाल मुंबईला गेला, पपांच्या ओळी मात्र परत आल्या नाहीत. मी विनवलं तर म्हणाले, “चुकीचा देवासमोर कित्याक म्हणू, गो?” इतकी वर्षं देवाने जे मुकाट्याने ऐकून घेतलं, ते आता चुकीचं! संताप संताप झाला माझा.

महिन्याची शेवटची संध्याकाळ. त्या तीन ओळींची जागा आली. पपा ‘रोझा’साठी श्वास घेतात तोच रापणकाराने जाब दिला, ‘ओरा प्रो नोबीस.’ ओळ नसताना. मग सगळ्या वाडीने दिला. पुन्हा एकदा. आणि पुन्हा.

पपांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग पुन्हा क्रुसाकडे वळून, होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले, “वाश!”