माहेरची मशेरी

माहेराहून निघताना बायकांना लोणचं, शेंगदाण्याची चटणी असं काहीबाही मिळतं. मला वर मशेरीची डबी मिळायची. माण तालुक्यातल्या आमच्या गावी आई तंबाखू तव्यावर काळीभोर भाजायची. ठसका लागून घरातले सगळे अंगणात पळायचे. मग ती चुरून, फडक्यातून चाळून डबी भरायची.

दाढ दुखते म्हणून बाराव्या वर्षी तिनंच माझ्या हिरडीला पहिल्यांदा मशेरी लावली. दुखणं थांबलं, सवय मात्र लागली. सासर सांगलीकडे, उसाच्या पट्ट्यात. तिथं मी अंगणवाडीत काम करते. गरोदर बायकांना बसवून "मशेरी म्हणजे तंबाखूच, तोंडाचा कॅन्सर होतो, बाळाचं वजन घटतं" असं घडाघडा सांगायचे आणि त्यांची पाठ वळली की दाराआड जाऊन बोटभर लावायचे. लाज वाटायची. पण लाजेनं तलफ जात नाही.

गेल्या वर्षी बायकांना घेऊन तपासणी शिबिराला गेले. सगळ्यांचं झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता तुम्ही बसा, ताई." गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. "आज हा कॅन्सर नाही. पण मशेरी सुटली नाही तर होऊ शकतो. सोडलीत तर चट्टा जाण्याची आशा आहे." माझी मुलगी अजून शाळेत आहे.

त्याच दिवशी सोडली. आठवडाभर डोकं ठणकत होतं. नवऱ्यावर इतकी खेकसले की तो बिचारा म्हणाला, "लाव बाई चिमूटभर, पण गप बस." मी बडीशेप चघळत राहिले.

दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा आईनं हौसेनं डबी पुढं केली.

"आये, मला नको. मी आता बडीशेप चघळते."

"आता आमची मशेरी बी चालत न्हाई व्हय?"

मी तोंड उघडून चट्टा दाखवला. "तूच लावली होतीस की," हेही बोलून गेले. इतक्या वर्षांचा राग होता, तो निघाला. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि मला फार वाईट वाटलं.

सकाळी निघताना बघते तर पिशवीत डबी होतीच. चिडून उघडली. आत भाजलेली बडीशेप होती, पण वास मशेरीचा! तोंडाला पाणीच सुटलं.

"आये, मशेरीच्या तव्यावर भाजलीस का गं?"

"मग? भाकरीच्या तव्याला बडीशेपंचा वास लागला असता की!"

मी पोट धरून हसले. मग तिला म्हटलं, आ कर. दोन बोटांपलीकडं तिचं तोंड उघडेना. तोंड पुरतं न उघडणं ही धोक्याची खूण, हे शिबिरात ऐकलं होतं. हसू जागीच थांबलं.

"पुढच्या शिबिराला तू येणार हायस."

"मला म्हातारीला काय हुतंय?"

पण पुढच्या महिन्यात मी न्यायला गेले, तर ती लुगडं नेसून तयार होती. अंगणात त्या तव्यात कोंबड्यांना पाणी ठेवलेलं. एस.टी.त मी तिला गालातला चट्टा दाखवला. पुसट झाला होता. तिनं तो डोळे बारीक करून पुन्हा पुन्हा बघितला. दहिवडी मागं पडल्यावर तिनं माझ्यापुढं हात पसरला.

"दे गं चिमूटभर बडीशेप. लय तलफ आलीया."