जावयाच्या अंगणात चाकांवरचं घर

मी राहतं घर आधी विकलं आणि नव्या घरात राहायला परवानगी लागते का, हे नंतर विचारलं.

मला कुणी फसवलं असतं तर बरं झालं असतं. चारचौघांत सांगायला तोंड तरी राहिलं असतं. पण मी इंजिनीअर. आयुष्यभर लिफ्टच्या कंपनीत सुरक्षिततेचे नियम बघितले. आठ माणसांच्या लिफ्टमधून नवव्याला बाहेर काढायचं आणि त्याच्या शिव्या हसून घ्यायच्या, हे माझं काम. नियमांवर मी व्याख्यानं दिली आहेत. म्हणजे अज्ञान ही सबबसुद्धा मला मिळणार नव्हती.

लंडनला, म्हणजे आमच्या ओंटारियोतल्या लंडनला, चार बेडरूमचं घर होतं. मुलगी लग्न होऊन टोरांटोजवळच्या रिचमंड हिलला गेली आणि त्या घरात आम्ही नवरा-बायको एकमेकांना हाका मारत हिंडायला लागलो. हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना कमरेतून दरवर्षी नवा आवाज यायचा. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, जस्ट मूव्ह इन विथ अस ना!" बायकोचं उत्तर ठरलेलं. "मुलीच्या घरी जावं ते पाहुण्यासारखं. चार दिवस लाड, पाचव्या दिवशी अडचण." ती हे हसत म्हणायची, पण हसत म्हटलेल्या गोष्टींवरून ती कधी मागे हटल्याचं मला आठवत नाही.

अशात मला इंटरनेटवर टायनी होम सापडलं. एका खोलीएवढं घर: खाली ओटा, टेबल, छोटी वॉशरूम, वर छोट्या जिन्याने चढून जायचा झोपायचा माळा. हे मुलीच्या मागच्या अंगणात ठेवायचं. दार वेगळं, चूल वेगळी. मुलगी हाकेच्या अंतरावर, पण आपण तिच्या घरात नाही! बायकोच्या तत्त्वाला मी असा मागच्या दाराने वळसा घातला आणि स्वतःवर इतका खूश झालो की पुढचा विचारच थांबला.

ही घरं बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस म्हणाला, "पक्क्या पायावर बसवा, आणि आधी टाउनमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, विचारून घ्या." मी त्यालाच समजावलं. चाकं लावली की ती इमारत राहत नाही, गाडी होते. गाडी उभी करायला कुणी बिल्डिंग परमिट मागतं का? त्याने मान डोलावली आणि चाकांचे पैसे बिलात वाढवले.

मे महिन्यात घर आलं. मुलीचा प्लॉट कोपऱ्यावरचा, त्यामुळे मागचं कुंपण काढून ते आत ओढता आलं. पाण्याला बागेचा पाइप, विजेला गराजमधून आणलेली जाड वायर, आणि सांडपाण्याची टाकी महिन्यातून दोनदा रिकामी करायला एक गाडी. बायकोने कोपऱ्यात देव मांडले, चहा टाकला, आणि पहिला कप हातात घेऊन म्हणाली, "छान आहे हो." एवढी स्तुती माझ्या वाट्याला लग्नानंतर फारशी आलेली नव्हती.

मग काय, मी सुटलोच. शेजारच्या घरात एक निवृत्त नर्स एकटीच राहायची. कुंपणापाशी दिसली की मी तिला सांगायचो: जिन्याच्या पायऱ्यांत ड्रॉवर आहेत, टेबल भिंतीत जातं. एकदा आत बोलावून सगळं उघडून-मिटून दाखवलं. ती प्रत्येक ड्रॉवरला "लव्हली!" म्हणाली. माझ्या बोलण्याला इतका गुणी श्रोता घरात मिळत नाही.

जूनमध्ये मराठी मंडळाची पिकनिक होती. तिथे एक जुना मित्र, आर्किटेक्ट, हातात कणसाची प्लेट घेऊन सगळं ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने विचारलं, "परमिट कुठलं काढलंस?"

"लागत नाही. चाकं आहेत."

त्याने कणीस खाली ठेवलं. "अरे, चाकं आहेत म्हणजे ट्रेलर. ट्रेलरमध्ये अंगणात राहता येत नाही. आणि राहायचं तर ते घर, म्हणजे परमिट. तू दोन्हीकडून अडकलास की रे! टाउनला कळेपर्यंत मजा कर."

परतीच्या वाटेवर गाडीत मी रेडिओ मोठा केला. बायकोने तो बंद केला. "काय म्हणाले ते?" मी सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला.

"जागा जावयाच्या नावावर आहे. मग नोटीस कुणाला येईल?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. परत जायला लंडनचं घर नव्हतं. आणि सप्टेंबरात जावयाचे आई-वडील नागपूरहून सहा महिन्यांसाठी यायचे होते. बेसमेंट त्यांच्यासाठी रंगवून ठेवलेलं. व्याही-विहीण विमानातून उतरणार आणि आमच्यापायी त्यांच्या मुलाच्या दारावर सरकारी कागद चिकटलेला असणार, हे चित्र बायकोच्या डोळ्यांसमोरून हलेना.

मी म्हटलं, अर्ज करूया. ती म्हणाली, अर्ज केला की कळेल. मी म्हटलं, मग नको करूया. ती म्हणाली, मग कधीतरी कळेलच. असं आमचं रोज चालायचं. फक्त कोण कुठलं वाक्य म्हणणार ते बदलायचं.

तिथून आम्ही चोरासारखे राहू लागलो. कुकर बंद; शिट्टी तीन घरं ऐकतात. बायको उघड्या पातेल्यात डाळ शिजवायची आणि खिडकीही लावून घ्यायची, कारण फोडणीचा वास. त्यामुळे उन्हाळ्यात त्या डब्यात आमचीच डाळ व्हायची. टॉवेल आतच वाळवायचे. रस्त्यावर पांढरी गाडी हळू झाली की मी माळ्यावर आडवा पडायचो. वय अडुसष्ट, आणि लपतोय जावयाच्या अंगणात! एकदा गॅस मीटर बघायला आलेला माणूस मला अधिकारी वाटला. मी त्याला न विचारता सांगून टाकलं, "आम्ही इथे फक्त दुपारी वाचायला बसतो." तो म्हणाला, "गुड फॉर यू."

शेजारणीला तर मी टाळायलाच लागलो. एवढा बडबड्या माणूस एकाएकी मुका झाला म्हणून ती चिंतेत. कुंपणावरून विचारायची, "तब्येत ठीक ना?" मी चकल्यांचा डबा देऊन पळ काढला. बायकोचं म्हणणं पडलं, की चकल्या बघून तर इथे चूल पेटते असा कुणालाही संशय येईल.

ऑगस्टमध्ये एक दिवस दारावर टकटक झाली. टाउनच्या बाय-लॉ ऑफिसर, म्हणजे नियम मोडणाऱ्यांना शोधणाऱ्या बाई. अत्यंत नम्र. नम्र अधिकाऱ्यापुढे माझं काही चालत नाही; ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं.

"इथे कुणी राहतं का?"

"नाही, नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. देवापुढे निरांजन तेवत होतं, उदबत्तीचा धूर अजून वर चढत होता.

"मग हा दिवा कुणी लावला?"

"इथे फक्त देव राहतात."

"मग त्यांनाही परमिट लागेल," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत. मागून बायकोचा आवाज आला, "आम्ही राहतो. दोघं. मेपासून." तिच्या आवाजात भीती नव्हती. दोन महिने पोटात धरलेलं ओझं खाली ठेवावं, तसा तो आवाज होता.

बाईंनी उभ्या उभ्याच समजावलं. ट्रेलर म्हणून ठेवायचं तर ठेवा, पण झोपायचं नाही. घर म्हणून हवं तर चाकं काढा, पक्का पाया घाला, पाणी आणि ड्रेन मुलीच्या घराला जोडा, रस्त्यापासून दारापर्यंत फायरवाल्यांना पळत येता येईल अशी मोकळी वाट ठेवा. मग तपासण्या. शेवटची तपासणी पास होईपर्यंत एक रात्रही इथे काढायची नाही. काढलीत तर दंड, आणि तो मालकाला.

"मालक म्हणजे जावई," बायको मला मराठीत म्हणाली. जणू मला कळलं नव्हतं.

जाता जाता मी विचारलंच, तक्रार कुणी केली? बाई म्हणाल्या, तक्रार नाही, चौकशी आली होती. मी तडक कुंपणापाशी. शेजारीण टोमॅटोला पाणी घालत होती. "तुम्ही टाउनला फोन केलात?"

"हो तर!" ती आनंदाने म्हणाली. "मलाही तसंच घर हवंय. मुलगा परत येतोय, त्याला मोठं घर देईन. मी त्यांना विचारलं, माझ्या शेजाऱ्याने जे परमिट काढलं तेच मला कसं मिळेल? तुमचं किती कौतुक केलं मी!"

मला तिच्यावर रागावायचं होतं. पण तिला एकेक ड्रॉवर उघडून दाखवणारा मीच होतो.

संध्याकाळी जावई म्हणाला, "इट्स ओके बाबा, होईल काहीतरी." तो चिडला असता तर मी जेवलो असतो. मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, सीरियसली? यू गेव्ह हर अ टूर?"

त्या रात्रीपासून आमची पथारी फॅमिली रूममधल्या सोफा-बेडवर. ज्या घरात पाचव्या दिवशी अडचण व्हायचं नाही म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच घरात आम्ही टीव्हीसमोर झोपायला लागलो. बायको सगळ्यांच्या आधी उठून अंथरूण गुंडाळायची, इतकं घट्ट की आम्ही तिथे झोपलो होतो याचा पुरावा राहू नये. ड्रेनचा नकाशा आला तेव्हा त्यावर बोट फिरवत ती हळूच म्हणाली, "म्हणजे आपलं सांडपाणीसुद्धा मुलीच्याच घरातून जाणार." मी नकाशाची घडी घातली. मला जमतं तेवढं.

सप्टेंबरात व्याही-विहीण आले. विहीणबाई मागचं दार उघडून बराच वेळ बघत राहिल्या. "एवढं मोठं घर सोडून तुम्ही त्या डब्यात राहून राहिले होते का भाऊ?"

"आता तिथेही राहत नाही," मी म्हणालो.

"मंग कुठं राहता?"

मी सोफ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी बायकोकडे असं बघितलं, की माझ्या बाजूने बोलणारं घरात कुणी उरलं नाही.

परमिट हाती पडेपर्यंत ऑक्टोबर अर्धा सरला. मग खणणाऱ्यांच्या मागे लागलो. जमीन गोठली की पाइपांसाठी चर खणता येणार नाही, मग सगळं एप्रिलवर. म्हणजे सोफ्यावर अख्खा हिवाळा, विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत. रोज सकाळी मी आधी गाडीच्या काचेवर बोट फिरवून दव आहे की बर्फ ते बघायचो. जो खणणारा मिळाला त्याने घाईचे जादा पैसे लावले. ज्या कारखान्याने चाकं लावायचे पैसे घेतले, त्यानेच ती काढायचे घेतले. अंगणात मुलीने लावलेले गुलाब होते, त्यांच्यातून चर गेला. "इट्स फाइन बाबा, परत लावू," ती म्हणाली. त्या घरात सगळेच माझ्याशी इतकं समजुतीने वागत होते, की मला रात्री धड झोप लागेना.

शेवटच्या तपासणीला इन्स्पेक्टर आला, तेव्हा भुरभुर बर्फ पडत होतं. धुराचा अलार्म वाजवून बघितला, माळ्याचा कठडा हलवून बघितला, आणि टेप काढून घराच्या कडेच्या वाटेकडे निघाला. वळणावर थांबला. वाटेत टायर्स रचलेले होते. आदल्याच दिवशी जावयाने विंटर टायर्स बसवून घेतले, तेव्हा उन्हाळ्याचे टायर्स उचलून मी तिथे आणून ठेवले होते. मदत म्हणून.

"ही वाट मोकळी नाही," तो म्हणाला. "मी परत येतो. पण आता पुढची वेळ..."

"पाच मिनिटं!" बायको ओरडली. लग्नात तिला नाव घ्यायला सांगितलं होतं, तेव्हाही ती इतक्या मोठ्याने बोलली नव्हती. जावई ऑफिसच्या कॉलवरून धावत आला. व्याह्यांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या. विहीणबाई साडीवर मुलीचं जाकीट चढवून, पायात स्नोबूट घालून एक टायर गडगडत गराजकडे निघाल्या. "सरका भाऊ, वाटेत उभे नका राहू!" मी सरकलो आणि मागच्या टायरवर बसलो. तोही मग माझ्याखालून काढावा लागला.

इन्स्पेक्टरने टेप लावला. परत लावला. कागदावर सही केली आणि म्हणाला, आज रात्रीपासून राहा.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी गराजपाशी गेलो. बायको आणि विहीणबाई पायरीवर बसून एकमेकींचे काळे झालेले हात बघून खदखदून हसत होत्या. नागपुरी सांबारवडीची कोथिंबीर चिरायची राहिली, असं काहीतरी चाललं होतं.

"चल," मी म्हणालो. "सामान उचलूया. आपलं घर झालं!"

तिने हात जाकिटाला पुसले आणि जागची हलली नाही.

"तुम्ही व्हा पुढे. मी येते दोन दिवसांनी," ती म्हणाली. "ते घर दोघांपुरतंच आहे, आणि तुम्ही एकटेच दोघांचं बोलता."