देवकाबाईंचा उलटा केक

साखर वितळत असताना देवकाबाई कधीही भांड्याकडे बघत नसत. गॅसकडे पाठ करून त्या अननस सोलत बसायच्या, अधूनमधून मान वर करून हवा हुंगायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "उतरव." मी घाईघाईने भांडं खाली घ्यायचे. साखर नेमकी हवी तेवढी लाल झालेली असायची. एकदा मी मुद्दाम अर्धा मिनिट थांबून पाहिलं. केक कडवट झाला. देवकाबाईंनी त्याचा तुकडा तोंडात टाकला आणि एवढंच म्हणाल्या, "डोळ्यानं बघत बसशील तर उशीर होतो ताई. वास आधी येतो, रंग मागून."

त्या आमच्या नाशिक रोडच्या सरकारी वसाहतीत धुण्याभांड्याला यायला लागल्या ते साल १९९६. मूळच्या हरसूलकडच्या डोंगरातल्या आदिवासी, आडनाव भोये. पन्नाशी गाठलेली, अंगाने काटक, बोलणं मोजकं. वसाहतीतल्या बायकांना त्यांची एक गोष्ट फार खटकायची. त्या सरसकट सगळ्यांना 'तू' म्हणत. माझ्या नवऱ्यालासुद्धा "भाऊ, पाय वर घे, फरशी पुसते" असं म्हणायच्या. त्यांच्या गावाकडे तसंच बोलतात, त्यात अनादर नसतो, हे मला हळूहळू कळलं. मी मात्र त्यांना नेहमी 'तुम्ही' म्हणायचे आणि त्याबद्दल स्वतःवर जरा खूशही असायचे.

मी तेव्हा झाकणाला काच असलेला गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन घेतला होता आणि केकच्या ऑर्डरी घ्यायच्या ठरवल्या होत्या. पहिले चार-पाच केक शेजारी वाटले. सगळ्यांनी "छान" म्हटलं आणि पाणी मागितलं. देवकाबाईंना भांडी घासताना एक तुकडा दिला, तर त्या म्हणाल्या, "तुझा केक घसा धरतो." मला राग आला. मग त्यांनी सांगितलं की देवळाली कॅम्पात एका म्हाताऱ्या मॅडमच्या बंगल्यावर त्यांनी बारा वर्षं स्वयंपाक केला होता. मॅडम मुलीकडे परदेशी गेल्या, बंगला बंद झाला, म्हणून त्या भांड्यांवर आल्या होत्या. "मला उलटा केक येतो," त्या म्हणाल्या. "अननस आन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कसा करायचा ते सांगितलं. साखर लाल झाली की भांडं खाली घ्यायचं, तोंड बाजूला करायचं आणि त्यात रम ओतायची. चर्र करून फेस वर येतो. मग लोणी घालून मंद आचेवर उग्र वास जाईपर्यंत ढवळायचं. तो पाक केकच्या डब्यात, त्यावर अननसाच्या चकत्या, चकतीच्या भोकात एकेक चेरी आणि वरून केकचं कालवलेलं पीठ. भाजून झाला की दहा मिनिटं थांबून ताटलीवर उलटा करायचा, म्हणजे तळाचा अननस पाकासकट वर येतो. पण आमच्याकडे रम आणायची कुणी? मी दुकानात जाणं शक्यच नव्हतं आणि नवऱ्याला विचारायची सोय नव्हती. देवकाबाई गावाला जाऊन आल्या त्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत मोहाची दारू घेऊन.

"तुम्ही घेता?" मी विचारलं.

"मला नाय सोसत. डोकं दुखतं." बाटलीचं बूच काढून त्यांनी आधी एक थेंब दाराबाहेर जमिनीवर टाकला. "प्यायची येगळी, शिजवायची येगळी. मॅडमची रम अशी वास देत नव्हती बघ."

खरंच देत नसणार. त्या पाकाला फुलांचा आणि धुराचा असा काही वास यायचा की लोक दुसरा तुकडा मागून घ्यायचे. वर्षभरात माझं नाव झालं. काय घालता, असं कुणी विचारलं तर मी "खास एसेन्स आहे" म्हणायचे. कृती कुणाची, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बाटली संपत आली की मीच देवकाबाईंना आठवण करायचे, "गावाला कधी जाताय?"

आमच्या समोरच्या इमारतीत दातारकाकू राहायच्या. त्यांच्या सासऱ्यांना, अण्णांना, पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. अण्णांनी उभं आयुष्य गावोगाव दारूबंदीचं काम केलं होतं, हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं. काकू केक सांगून गेल्या तेव्हा देवकाबाई मोरीत होत्या. हात पुसत बाहेर येऊन म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याच्या केकात नको टाकू ताई. मी लिंबू पिळून पाक करते. बरा होतो तोही."

"मग चव कशी येणार? सगळी वसाहत जेवायला आहे. घाला हो, कुणाला कळतंय."

"त्याला नाय कळणार. पण आपल्याला ठावं हाय ना."

"घाला," मी म्हटलं.

पंचाहत्तरी थाटात झाली. केकचं सगळ्यांनी कौतुक केलं. मग काकूंचा एक भाचा, जो नोकरीनिमित्त पेठ-सुरगाण्याकडे राहून आला होता, दुसरा घास घेत हसून म्हणाला, "मामी, हा तर मोहाचा वास. अण्णांना मोहाची पाजलीत?" दोघंतिघं हसले. अण्णांनी हातातली बशी सावकाश खाली ठेवली आणि उठून आत गेले. नंतर कळलं की त्यांनी तीन दिवस काही खाल्लं नाही.

काकू दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात आल्या. ओव्हनमध्ये एका बारशाचा केक होता. देवकाबाई ओट्याशी उभ्या होत्या. काकूंनी मला सरळ विचारलं, "केकमध्ये दारू होती?"

तोंडातून शब्द कसे आले ते मला आजही आठवतं. अडखळलेसुद्धा नाही मी. "मला काहीच कल्पना नाही काकू. पाक देवकाबाई करतात. त्यांनीच घातली असेल."

"तरीच," काकू म्हणाल्या. "त्यांच्यात चालतंच ते."

देवकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. साखरेचा वास येतोय का हे बघताना त्या जशा थांबायच्या, तशा थांबल्या. मी नजर वळवली. मग त्या काकूंना म्हणाल्या, "व्हय. मीच टाकली. हिला ठावं नव्हतं."

काकू "अशी बाई घरात ठेवू नकोस" म्हणून निघून गेल्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण देवकाबाईंनी ओव्हनकडे हात केला. "आठ मिनिटं हायेत अजून." ती आठ मिनिटं आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो. मला बोलता आलं असतं. त्यांनी केक काढला, दहा मिनिटं थांबल्या, ताटली ठेवून एका झटक्यात उलटा केला. एक चकतीही हलली नाही. मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "उद्यापासून मी येत नाय. तुझं काम चालू राहू दे."

आठवड्याभरात वसाहतीतल्या बाकीच्या तीन घरांनीही त्यांना नको म्हटलं. त्या गावाला परत गेल्या. माझं काम चालू राहिलं. लिंबाच्या पाकाचा केकही लोकांना आवडला. म्हणजे ती दारू घालायची काही गरजच नव्हती, हे मला त्यानंतर प्रत्येक केकमागे कळत राहिलं.

नऊ वर्षांनी एका ओळखीच्या शिक्षिकेबरोबर हरसूलला जायचा योग आला. बाजाराचा दिवस होता. देवकाबाई नागलीचं पीठ घेत होत्या. केस पांढरे झालेले, पण मी हाक मारायच्या आधीच त्यांनी मला ओळखलं. "जाड झाली तू," त्या म्हणाल्या. एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला होत्या. आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. मी वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं बोलायला सुरुवात केली. "देवकाबाई, त्या दिवशी मी..."

"माझं सोड," त्यांनी मला तोडलं. "त्या म्हाताऱ्याला जाऊन सांगितलं का? त्याच्या पोटात ती कुणामुळं गेली ते?"

"अण्णा वारले. चार वर्षं झाली."

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "मग सुनेला सांग," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ सांगून काय उपेग? मला ठावंच हाय."

मी हो म्हटलं. परत आले आणि गेले नाही. आज काकूंकडे पाहुणे आहेत, उद्या माझी मोठी ऑर्डर आहे, असं करत सव्वा वर्ष गेलं. मग एक दिवस अंबडच्या एका कारखान्यात कामाला असलेली देवकाबाईंची मुलगी सुमन पत्ता शोधत घरी आली. "आई गेली. तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं तिनं." आणखी काही निरोप आहे का, असं मी विचारलं. नव्हता.

त्याच दुपारी मी जिना उतरून समोरच्या इमारतीत गेले. काकू एकट्याच होत्या, गुडघ्याला तेल लावत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दारू मी घालायला लावली. देवकाबाई नको म्हणत होत्या. मी खोटं बोलले.

काकूंनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तिथे तुझ्या दारातच. तुझा चेहरा आणि तिचा चेहरा बघून."

"मग देवकाबाईंना घरात ठेवू नकोस असं का..."

"तुझ्याशी रोजचं येणंजाणं होतं," काकू म्हणाल्या. "तिच्याशी काय होतं?"

मग त्या उठल्या, आत जाऊन चहा टाकला, दोन कप घेऊन आल्या. मी माझा कप घेतला आणि रोजच्यासारखी बसून सगळा चहा प्यायले.