चारुलताचा उजवा डोळा

तर काल तिथंच थांबलो होतो बघा. मांडा कोपरापर्यंत आलेला, चुलीवर खापर तापलेलं, आणि आमच्या गल्लीची सून चारुलता मला विचारते, "नाना, खापर कोन्ही सरकाडं का?"

खापर जागचं हललं नव्हतं. मी नको नको म्हणेपर्यंत अर्धा मांडा खापरावर, अर्धा राखेत!

ज्यांनी मांडे केलेले पाहिले नाहीत, त्यांना सांगतो. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा, पार पातळ झाला की खापराच्या, म्हणजे उलट्या मडक्याच्या पाठीवर अलगद टाकायचा. आमच्या चोपड्याकडे लग्न असो की आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण, चारुलताला बोलावणं ठरलेलं. तिचा मांडा राखेत म्हणजे नवलच.

"धूर गया डोयामा," सासूबाई मंजुळाबाईंनी निकाल दिला. बठ्ठ्या म्हणजे सगळ्याच बायकांनी माना डोलावल्या. आमच्याकडे बाईचा डोळा बिघडला की आळ चुलीवरच येतो.

नवऱ्यानं, प्रेमराजनं, मग गॅसची शेगडी आणली. धुराचं नाव नाही. तरी खापर तापलं की उजव्या डोळ्यापुढे दुधावरची साय! तोंडावर माठातलं पाणी मारून पंख्याखाली बसली की साय निघून जाई. मंजुळाबाई म्हणाल्या, "आते गॅसले बी धूर फुटना का व?"

आता मागचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी चारुलताचे पाय बधिर झाले होते. जळगावच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढून सांगितलं, याला एमएस म्हणतात. मोटारीच्या वायरचं प्लास्टिक सोलावं तसं आतल्या नसांचं वेष्टण झिजतं. औषधानं पाय सावरले. म्हणून डोळा बिघडल्यावर गल्लीनं ठरवून टाकलं, दुखणं डोळ्यात उतरलं. प्रेमराजला एकच घोर. त्याच दुखण्याचा नवा झटका असेल तर औषध आणखी जड होणार, आणि डोळा राहील की जाईल, देव जाणे.

धुळ्याला डोळ्यांच्या नसांच्या डॉक्टरीणबाई आहेत, तिकडे निघालो. गाडीत एक जागा रिकामी होती आणि मीही रिकामाच.

काय ते यंत्र! डोळ्याच्या आतला फोटो समोर पडद्यावर. नारिंगी चंद्र, त्यावर लाल नद्या. एवढ्याशा डोळ्यात एवढा मुलूख! मी तर चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग बाईंनी पेनाचं लाल टोपण दाखवलं. चारुलता डाव्या डोळ्यानं म्हणाली, कुंकवासारखं. उजव्यानं म्हणाली, विटेसारखं.

बाई म्हणाल्या, "या डोळ्याची नस जुनीच दुखावलेली दिसते. अशी नस अंग तापलं की मंदावते, थंड झालं की सावरते. तेवढंच असेल तर हा नवा झटका नाही. पण लाल रंग फिका कधीपासून दिसतो?"

चारुलता म्हणाली, ध्यानात नाही. एक डोळा झाकून मिरची कोण बघतं हो?

"तिथंच अडतं. हा फिकेपणा जुना की आताचा," बाई म्हणाल्या. "फोटोही ते सांगत नाही."

"तरी मॅडम, अंदाज?" प्रेमराजनं हात जोडले. बाई खुर्ची चारुलताजवळ ओढून बसल्या.

"अंदाजावर जड औषध देणार नाही, भाऊ. मला अजून माहीत नाही. महिन्यानं पुन्हा तपासू. डोळा दुखला, किंवा गार झाल्यावरही अंधारी गेली नाही, तर त्याच दिवशी या."

मी उभ्या जन्मात वैद्य पाहिले, भगत पाहिले, कंपाउंडर पाहिले. नाडी हातात घेण्याआधी रोग सांगणारेही पाहिले. पण डोळ्याच्या तळापर्यंत पोचून, तिथं उभं राहून "माहीत नाही" म्हणणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं. अंगावर काटा आला माझ्या.

परतताना पारोळ्याला चहाला थांबलो. प्रेमराजचा चहा कपातच निवला. आणि चारुलता? भजी खात होती, वर मिरची मागत होती! मला राहवेना. म्हटलं, "बेटा, एवढी शिकलेली बाई माहीत नाही म्हणते. तुला भीती वाटत नाही?"

ती म्हणाली, "वाटस ना नाना, रातले झोप येत नही. पन मन्हा पाय गयथात तवय बठ्ठासले माहीत व्हतं. कोन्ही म्हने नजर लागनी, कोन्ही म्हने कामले कटाळस. हाई बाई खुर्ची जोडे लईसन बठनी नि बोलनी, माले माहीत नही, परत ये. मी परत जासू." मग नवऱ्याच्या कपाकडे बोट करून म्हणाली, "तुम्ही यास्ले सांगा, चहा पी ल्या म्हना."