विहिरीत माप सोडणारा दगडोबा

"त्या विहिरीवर टेप घेऊन गेलास, तर उद्यापासून पाण्याला तूच जा. मी न्हाई जायची."

"जाईन की. पण माझ्या डोक्यावर घागर ठरंल का?"

"ठरंल की. आत काय न्हाई, वरून सपाट हाय."

हे भांडण मी भाकरी थापता थापता ऐकलं. दगडोबाच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, ती बी मातीची. त्यांच्या घरचं भांडण आम्हाला ताटात वाढल्यासारखं यायचं. दगडोबा म्हणजे आमच्या बौद्धवाड्यातला उंच, वाळका गडी, आणि पंचफुला त्याची बायको. साल बहात्तरचं, दुष्काळाचं. निलंग्याकडचं आमचं गाव तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, लातूर जिल्ह्याचा पत्ता नव्हता. सगळा वाडा खडी फोडायला जायचा. दगडोबाही जायचा, तिथूनच त्याला सरकारच्या पाणी शोधणाऱ्या खात्यानं उचललं.

खात्याचे साहेब होते श्रीपादराव, नांदेडचे. माणूस बारीक, पण उन्हाला भ्यायचा नाही. हातोडीनं दगड फोडायचे, तुकडा भिंगातून बघायचे, कधी जिभेला लावायचे. गावानं त्यांचं नाव ठेवलं दगडसाहेब. दगडोबा त्यांच्या हाताखाली लागला तेव्हा पारावरचे म्हणाले, "झालं, दगडावर दगड बसला. आता पाणी निघतंय कुठून!"

दगडोबाचं काम विहिरीतलं पाणी किती खोल आहे ते मोजायचं. लोखंडी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढली की खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. गोष्ट एवढीच. पण दगडोबा ती अशी करायचा, जसं कुणी तान्ह्या पोराला न्हाऊ घालतंय.

तर भांडण कशाचं, ते सांगते. आमच्या वाड्याला स्वतःची विहीर नव्हती. जवळची विहीर ईश्वरप्पाची. आम्ही बायकांनी घागरी घेऊन लांब उभं राहायचं, आणि त्याची बायको रत्नम्मा वरून ओतायची. बाई कर्नाटकातली, भालकीकडची. मनानं वाईट नव्हती, पण काठाच्या आत पाऊल पडू द्यायची नाही. दीक्षा घेतल्यापासून दगडोबानं ईश्वरप्पाला 'मालक' म्हणायचं सोडलं होतं, 'अप्पा' म्हणायचा. ते अप्पाला टोचायचं, पण पाणी बंद केलं नव्हतं.

साहेब म्हणायचे, जमिनीखालच्या पाण्यालाही छपरासारखा उतार असतो. तो कळायला तीन टोकांच्या विहिरी मोजाव्या लागतात. दोन मोजून झाल्या होत्या. तिसरी ईश्वरप्पाची, आणि ईश्वरप्पानं हात आडवा केलेला. बोअर पाडायची मशीन औशाकडं आली होती, तिथून ती दुसऱ्या तालुक्यात निघून जायची होती. त्याआधी जागा सांगितली तर वाड्याला पाणी, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रत्नम्माची वाट बघा.

साहेब म्हणाले, "मी तहसीलदारांची चिठ्ठी आणतो."

दगडोबा म्हणाला, "चिठ्ठीनं विहीर उघडंल साहेब. पण दुसऱ्या दिवशी बायकांच्या घागरी रिकाम्या परत येतील. चिठ्ठी पिऊन माणूस जगतंय व्हय?"

पंचफुलाला भीती ह्याचीच होती. मिळतंय तेवढं पाणीही जाईल. म्हणून ती भांडली, आणि खरं सांगायचं तर तिचं चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घागरी घेऊन उभ्या होतो, तेवढ्यात दगडोबा आला. मागं साहेब. पंचफुलानं पदर तोंडात धरला.

ईश्वरप्पा विहिरीजवळ बैलाला पाणी दाखवत होता. देवणी बैल, जोडीतला एकच उरलेला. म्हणाला, "दगड्या, सांगितलं न्हवं? पाणी मोजलं की आटतं. आणि ती टेप कुठंकुठं बुडून आली, कुणाला ठावं."

दगडोबा रागावला नाही. म्हणाला, "अप्पा, टेप मी दर विहिरीला कोरडी करतो. वली असली की खडू धरत न्हाई, म्हून. माझ्या कामासाठी. तुम्ही त्याचं काय समजायचं ते समजा." आणि तिथंच उभं राहून फडक्यानं टेप पुसली. वीतवीत करून, घाई नाही. पुसून झाल्यावर म्हणाला, "आता मोजण्याचं. खळ्यावर रास मोजता का न्हाई?"

"मोजतो."

"मग जवारी आटती का?"

"म्हून तर पहिल्या मापाला एक म्हणत न्हाई. लाभ म्हणतो." ईश्वरप्पा चिडून म्हणाला. "सरकारला कळतंय का त्यातलं?"

तेवढ्यात रत्नम्मा पोहरा खाली ठेवून म्हणाली, "अय्यो! मग सरकारला म्हणू दे की लाभ. तेवढ्यानं काय जिभेला फोड येतोय? सकाळपासून दोर ओढून माझे हात सोलले. ह्यांच्याकडं पाणी निघालं तर मी सुटंन. मला सुटू दे की!"

ईश्वरप्पानं बैल बाजूला घेतला. मग म्हणाला, "सरकारनं म्हणायचं न्हाई. विहीर माझी हाय, लाभ मी म्हणणार. आणि मापाच्या वक्ताला कुणी बोलायचं न्हाई. खळ्यावर कुणी बोलत असतंय व्हय?"

साहेबांनी वही काढली. दगडोबानं खडू फासला. सगळे गप्प. टेप आत जाणार तोच खडूची भुकटी साहेबांच्या नाकात गेली आणि साहेब शिंकले. अशी शिंक, की बैल मागं सरला.

"थांब!" ईश्वरप्पा ओरडला. "शिंकला. बसा सगळे."

शिंक आली की घटकाभर बसायचं, मग काम. साहेब दगडोबाकडं बघायला लागले. दगडोबा बसला होता. मग साहेबही इस्त्रीच्या पॅन्टीसकट धुळीत मांडी घालून बसले. आम्ही घागरी उतरवून बसलो. एवढं सरकार माझ्यासमोर कधी मांडी घालून बसलेलं मी पाहिलं नव्हतं. पंचफुला पदरात हसत होती, आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच.

मग ईश्वरप्पा उठला, विहिरीला हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "लाभ!"

दगडोबानं टेप सोडली.

साहेबांनी तिन्ही विहिरींचं गणित मांडलं, वाड्यामागच्या नाल्याकडं दोन दिवस दगड फोडले, आणि एका जागी चुन्यानं फुली मारली. म्हणाले, वरचा काळा पाषाण टणक आहे, पण त्याखाली भोकाभोकांचा थर आहे, पाणी त्यात असणार. मशीन आली. पहिल्या दिवशी नुसती पांढरी धूळ. पंचफुला दगडोबाला म्हणाली, "तुझ्या सरकारनं पीठ काढलंय. भाकरी करू का?" दुसऱ्या दिवशी दुपारी धुळीचा चिखल झाला, आणि चिखलातून पाणी उसळलं. मशीनवाल्याच्या अंगावर पाणी, साहेबांच्या अंगावर पाणी, आमची पोरं तर नागडीच नाचली. पुढं तिथं हातपंप बसला.

मे महिन्यात ईश्वरप्पाची विहीर तळाला गेली. तो गावभर सांगत फिरला, "मोजली म्हून आटली." एक दिवस रत्नम्मा घागर घेऊन आमच्या पंपाजवळ आली आणि लांबच उभी राहिली. पंचफुला दांडा मारत होती. म्हणाली, "वरून वतू का, अक्का?"

रत्नम्माचं तोंड उतरलं. मग तीच म्हणाली, "वत. माझ्या हातानं काय कमी वतलं का तुला?"

पंचफुला हसली, बाजूला सरली. "या, धरा दांडा. इथं कुणी वतत न्हाई, ज्याचं त्यानं हापसायचं." रत्नम्मा आली, हापसली, घेऊन गेली. ईश्वरप्पानं कधी विचारलं नाही पाणी कुठलं, आणि तिनं कधी सांगितलं नाही. असं त्यांच्या घरात सगळं ठीक चाललं.

दगडोबा पुढं खात्यात कायम झाला. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा खात्याच्या मोजणीतल्या विहिरींवर जुन्या जिल्ह्याची अक्षरं होती. ती खोडून नवी लिहायला दगडोबा रंगाचा डबा घेऊन गावोगाव फिरला. घरी आला की कोपरापर्यंत पिवळा. पंचफुला म्हणायची, "जिल्हा बदलला, नवरा तोच."

साहेब बदलून गेले, दुसरे आले, तेही गेले. दगडोबा रिटायर झाला तरी हातपंप त्यानं सोडला नाही. पंपाच्या आतलं चामड्याचं वायसर झिजतं, मग दांडा नुसताच वरखाली होतो. पंचायतीला सांगावं तर अर्ज, मग सही, मग साहेब दौऱ्यावर. तोवर बायका कोरड्या. म्हणून दांडा हलका लागायला लागला की दगडोबा निलंग्याच्या बाजारी जाऊन वायसर आणायचा. वाड्यात आता नळ आले होते, पण नळाचा काय भरवसा, चार दिवसाआड येतो. पंप मात्र कुणाची वाट बघायला लावत नाही.

मागच्या पोळ्यानंतरच्या बाजारीही तो गेला. सकाळच्या एसटीनं, धुतलेलं धोतर, खांद्याला पिशवी. दुपारी परत आला. पिशवीत वायसर आणि पंचफुलासाठी चुन्याची डबी. जेवायला बसायच्या आधी पाना घेऊन पंपाजवळ गेला, डोकं खोललं, जुनं काढलं, तेल लावून नवं बसवलं. दांडा मारून बघितला. पहिलं पाणी गढूळ आलं ते सोडून दिलं, मग ओंजळ धरून प्यायला. माझी सून घागर घेऊन उभी होती. तिला म्हणाला, "भर गं," आणि पाना पुसत घराकडं गेला.