ओव्याचा वास लागलेली पेटी

आमच्या दवाखान्यात जुन्या फाइली काही वर्षांनी रद्दीत जातात. किस्से जात नाहीत. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या चहालाच कुणीतरी विचारतं, "मॅडमच्या पानपट्टीचं सांगितलं का याला?" मग एकामागून एक निघत राहतात. त्यातले बरेचसे माझ्यावरचे आहेत. दुसऱ्यांनी सांगितले की ते जरा गोड होतात, म्हणून या वेळी मीच सांगते.

*

पानपट्टीपासूनच सुरू करते. मी मूळची याच भागातल्या धसईची, पण शिकले फार लांब, जिथे सहा महिने बर्फ असतो अशा गावात. तिथे एक गोष्ट डोक्यात बसली. दवाखान्यांतले काही जंतू आता जवळजवळ कुठल्याच अँटिबायोटिकला जुमानत नाहीत. आणि ओवा, लवंग, गवती चहा यांच्या तेलांतले काही घटक त्याच जंतूंना मारू शकतात. ओवा तर आमच्या घरी डब्यात होता! तिथली नोकरी नाकारून परत आले. मुरबाडच्या या छोट्या दवाखान्याची लॅब सांभाळायची आणि उरलेल्या वेळात तेलांवर काम करायचं, असं ठरवलं.

पहिल्या दिवशी लवंगेची आणि ओव्याची बाटली उघडली. वास पार केसपेपरच्या खिडकीपर्यंत गेला. थोड्या वेळाने एक आजोबा दारात येऊन उभे राहिले.

"रक्त द्यायचंय का, बाबा?"

"नाय. एक साधं पान दे. चुना कमी टाक."

*

आता टकलाचा किस्सा. जंतू तपासायची आमची पद्धत सोपी आहे. झाकणाच्या छोट्या बशीत जंतू पसरायचे, वर औषधांच्या बारक्या चकत्या ठेवायच्या, आणि बशी रात्रभर उबेच्या पेटीत ठेवायची. औषध लागू पडलं तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं.

एका पेशंटच्या बशीत जंतू सगळ्या औषधांना खेटून आरामात बसले होते. फक्त मी ठेवलेल्या ओव्याच्या चकतीभोवती रुपयाएवढी जागा स्वच्छ होती. ती बशी घेऊन मी वॉर्डभर फिरले.

सुलभा सिस्टरनी चष्मा वर करून पाहिलं. "टक्कल पडलंय," म्हणाल्या.

डॉक्टरसाहेबांनी तर नीट पाहिलंही नाही. "बशीत फिनेलनेही मरतात. पेशंटला फिनेल पाजशील का?"

मी लॅबमध्ये येऊन बसले. आमचे टेक्निशियन रमाकांतदादा शहापूरहून रोज मोटारसायकलवर येतात. गेली वीस वर्षं लॅब तेच चालवतात. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. "मनावर घेऊ नका, मॅडम. टक्कल साहेब रोज आरशात बघतात. त्यांना काय कौतुक?"

*

जंतू असे निर्ढावले कसे, यावर मी शाळांमधून भाषणं द्यायचे. अर्धवट घेतलेली औषधं, दुकानातून मागितलेल्या दोन सुट्या कॅप्सूल, सगळं पोटतिडकीने सांगायचे. एका रविवारी घरी मिठाच्या बरणीमागे कॅप्सूलची पाच पाकिटं सापडली. प्रत्येक अर्धं. बाबांची.

मी अर्धा तास बोलले. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अगो, ताप गेला ना? गेलेल्या तापाला औषध कशाला पाजायचं?"

पाकिटं त्यांनी परत बरणीमागे ठेवली.

*

हिरीबाय आली ती या सगळ्यानंतर. टोकावड्याच्या वरच्या वाडीतली. गवत कापताना विळा पायाला लागला होता. त्यात शुगर. जखम चिघळून पार घोट्यापर्यंत आली होती. तिच्या बशीत एक इंजेक्शन सोडून सगळी औषधं निकामी निघाली. ते एक कल्याणहून मागवायला लागायचं आणि किडनीला जड जायचं.

तिला एकच काळजी होती. एसटी खाली रस्त्यावर सोडते, तिथून वाडीपर्यंत तासाभराची चढण. "पाय पायजे गो. वर कोन उचलून नेनार मला?"

ड्रेसिंगच्या वेळी मी शेजारी उभी होते. तिने माझ्या कपड्यांचा वास घेतला.

"ओवा ना गो ह्यो? आमी पोट दुखलं का खातो."

मी सांगितलं, मी तो जंतूंना देते.

"त्यांच्याबी पोटात दुखतं?"

सगळा वॉर्ड हसला. ती हसली नाही. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "मंग माज्या पायाला लाव की."

मी नाही म्हटलं. आधी पुष्कळ चाचण्या व्हाव्या लागतात, नाहीतर चामडी जळेल, असं समजावलं. ते बरोबरच होतं. आजही बरोबरच आहे.

*

इंजेक्शनं चालू असताना तिच्या जखमेचा पुन्हा नमुना घेतला. किडनी कुरकुरायला लागली होती. नमुना स्वच्छ आला तर इंजेक्शन बंद करून घरी सोडायचं, असं साहेबांनी ठरवलं होतं.

सकाळी बशी काढली. एकही जंतू नाही. रिपोर्टवर मी सही केली, वॉर्डात जाऊन तिला स्वतः सांगितलं. जखमही वरून सुकल्यासारखी दिसत होती. जाताना तिने माझ्या ओंजळीत हिरडे ठेवले. "खोकल्याला ठेव," म्हणाली.

चौथ्या दिवशी रमाकांतदादा उबेच्या पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले. या पेटीला ते खुराडं म्हणतात. आमच्याकडे ती एकच आहे. वरच्या फळीवर माझ्या तेलाच्या बश्या, खाली पेशंटच्या.

"मॅडम, या आठवड्यात सगळेच पेशंट बरे कसे?"

"म्हणजे?"

"मला शंका आली म्हणून काल वॉर्डातल्या मोरीतलं पाणी बशीत लावलं होतं." त्यांनी बशी पुढे केली. "मोरीपण बरी झाली."

बशी कोरी होती.

ओव्याच्या तेलाची वाफ होते, बंद पेटीत ती सगळीकडे पसरते, शेजारच्या बशीतले जंतूही वाढू देत नाही. मला हे माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं. पण जिथे शिकले तिथे तेलाच्या बश्यांना वेगळी पेटी होती आणि झाकणांना चिकटपट्टी. इथे त्या आठवड्यात पट्टी संपली होती आणि मी कुणाकडे मागितली नव्हती.

माझ्या बश्या बाहेर काढल्या, पेटी धुतली, उघडी ठेवली. मोरीचं पाणी पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी बशी काठोकाठ भरलेली.

*

शेवटचा किस्सा वॉर्डात कुणी सांगत नाही.

वाडीत फोन लागत नाही. मी आणि रमाकांतदादा मोटारसायकलवर गेलो, मग चढण चढलो. हिरीबाय तापाने फणफणलेली, घोंगडीवर पडलेली. पाय निम्म्या पोटरीपर्यंत काळानिळा. वाडीतल्या चौघांनी तिला झोळीत घालून खाली आणलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पाचव्या दिवशी ती उठून बसली. डॉक्टरसाहेब म्हणाले होते, "सही तुझी आहे. सांगायचं तर तूच सांग." मी तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. पेटी, वाफ, बशी. जंतू पायात होतेच, फक्त माझ्या तेलाने ते बशीत दिसले नाहीत. म्हणून इंजेक्शन थांबलं. चूक माझी.

तिने चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्हंजे पेटीतले सगले मेले?"

"हो."

"मोरीतले पन?"

"हो."

"हात न लावता?"

"हो."

तिने चादर बाजूला केली आणि उरलेला पाय माझ्यासमोर सरकवला. अंगठ्याशी झोळीच्या दोरीने सोललेलं होतं.

"मंग औषद चांगलं हाय गो तुजं," ती म्हणाली. "ह्याला लावशील?"